मिलर्नटोरच्या उभ्या स्टँडमध्ये: हॅम्बुर्ग आणि बर्लिन

गुरुवार: हॅम्बुर्गमध्ये

माझा भाचा गेली काही वर्षे जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये नोकरी करतो. कोल्हापूरच्या पेठेत वाढलेल्या मुलाला फुटबॉलचे वेड असते यात नवल नाही. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की निम्मे गाव तिकडे लोटते आणि उरलेले निम्मे निकाल विचारत बसते. नवल याचे की हा मुलगा कॉलेजात असताना एकाएकी मैदानावर जायचा बंद झाला. आपण समलिंगी आहोत हे त्याने पुढे बऱ्याच वर्षांनी घरी सांगितले आणि तेव्हाच मैदान सुटण्याचे कारणही कळले: खेळाडूचा पास चुकला की प्रेक्षकांतून जी शिवी पडायची, ती आपल्यालाच घातल्यासारखी वाटायची. तोच मुलगा आता पंधरवड्याला एकदा फुटबॉल पाहायला जातो, तोही उभ्याने पाहायच्या स्टँडमध्ये, आणि "मावशी, एकदा येऊन बघच" असा धोशा लावतो म्हटल्यावर जाणे भागच होते.

नोव्हेंबरचा मध्य उलटला होता. विमानतळावरून लोकल गाडी पंचवीस मिनिटांत मुख्य स्टेशनात आणून सोडते, त्यामुळे टॅक्सीच्या भानगडीत पडण्याचे कारण नाही. बाहेर पडले तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते आणि अंधार पडत आला होता. पाऊस म्हणावा तर पडत नव्हता, पण चष्मा मात्र दर दोन मिनिटांनी पुसावा लागत होता. या दिवसांत हॅम्बुर्गला जायचे असेल तर छत्रीपेक्षा टोपीचे जाकीट घ्यावे, कारण एल्बे नदीवरून येणारा वारा छत्री उलटी करून हातात देतो.

भाचा आणि त्याचा जोडीदार आल्टोना भागात राहतात. जोडीदार प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. अत्यंत सालस मुलगा, पण घरात एकच अडचण अशी की भाचा सेंट पाउली या फुटबॉल क्लबचा चाहता आणि हा जन्मापासून एचएसव्हीचा, म्हणजे त्याच शहरातल्या मोठ्या आणि जुन्या प्रतिस्पर्ध्याचा. खुंटीवर दोन रंगांचे मफलर आहेत आणि मध्ये एक खुंटी रिकामी सोडलेली आहे. रात्री त्याने ग्र्युनकोल केले होते. ही थंडीतली इथली खास भाजी: केल नावाची कुरळी हिरवी पाने तासन्‌तास शिजवायची आणि बटाटे व सॉसेजबरोबर वाढायची. मी नेलेला कांदा-लसूण मसाला त्याने स्वतःहून मागून घेतला, तेव्हा पुढचे चार दिवस बरे जाणार याची खात्री पटली.

शुक्रवार: बंकर, मैदान आणि संग्रहालय

सेंट पाउली हा हॅम्बुर्गच्या बंदराला लागून असलेला मोहल्ला. खलाशी, गोदीतले मजूर, दारूचे गुत्ते आणि रेपरबान नावाचा, वेश्यावस्तीसाठी जगभर ठाऊक असलेला रस्ता, असा त्याचा लौकिक. तिथला एफसी सेंट पाउली हा क्लब १९१० सालचा. भुयारी रेल्वेच्या यू-३ मार्गावर फेल्डश्ट्रासे स्टेशनात उतरले की समोर दुसऱ्या महायुद्धातला विमानवेधी तोफांचा प्रचंड काँक्रीट बुरूज उभा दिसतो. २०२४ मध्ये त्याच्या माथ्यावर बाग खुली झाली असून बाहेरच्या अंगाने चढत जाणाऱ्या वाटेने कोणालाही वर जाता येते. मैदान पाहण्याआधी वर जाऊन यावे असे मी सुचवीन. वरून सेंट पाउलीच्या मिलर्नटोर मैदानाचे चारही स्टँड पायाशी दिसतात, शेजारच्या मोकळ्या जागेत वर्षातून तीनदा भरणाऱ्या जत्रेचा आकाशपाळणा दिसतो, आणि हे मैदान शहराबाहेर नसून वस्तीच्या पोटातच आहे हे लगेच ध्यानात येते. त्या दिवशी वर दोन झेंडे फडकत होते, एक कवटी आणि हाडांचा, दुसरा इंद्रधनुषी.

क्लबचे संग्रहालय एका स्टँडच्या पोटात आहे. ते रोज उघडे नसते, म्हणून वेळ पाहून जावे. आम्हाला माहिती सांगणारे गृहस्थ निवृत्त बसचालक होते आणि स्वयंसेवक म्हणून तिथे येत होते. त्यांनी सांगितलेली हकिगत, मी आधी वाचलेल्याशी ताडून पाहिली तर, अशी आहे.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हा दुय्यम दर्जाचा, थोड्या प्रेक्षकांचा, चारचौघांसारखा क्लब होता. १९८१ पासून जवळच्या हाफेनश्ट्रासेवरच्या ओस इमारतींत काही तरुणांनी ठाण मांडले. त्यांत विद्यार्थी होते, पंक संगीतवाले बंडखोर होते, डाव्या विचारांचे कार्यकर्ते होते. हीच मंडळी हळूहळू मैदानात येऊ लागली, आणि चाच्यांचा कवटीचा झेंडाही त्यांच्याबरोबर आला. त्या काळात जर्मनीतल्या अनेक मैदानांवर नवनाझी टोळ्यांचा वावर वाढला होता, आणि ज्यांना ते नको होते त्यांना जायला एक मैदान हवे होते. १९८९ मध्ये चाहत्यांनी ‘मिलर्नटोर रोअर’ नावाचे स्वतःचे नियतकालिक काढले आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लबच्या मैदान-नियमावलीत वंशद्वेषी घोषणांवर बंदी आली. जर्मनीत असा नियम करणारा हा पहिलाच क्लब मानला जातो. तो लिहून घेण्यासाठी चाहत्यांना बरेच झगडावे लागले.

बसचालक आजोबांना मी विचारले की मग समलिंगींच्या बाबतीतही हे सगळे आपोआप झाले का. ते हसले. वंशद्वेषी घोषणा थांबवणारी माणसेच, म्हणाले, समोरच्या गोलरक्षकाला बायकी म्हणून हिणवण्यात आघाडीवर असत, आणि त्यांना कोणी टोकले तर डोक्यावर बिअर ओतली जाई. आपल्यावर दोनदा ओतली गेली, हेही त्यांनी प्रौढीने सांगितले. त्यांनी बोट दाखवले त्या काचेच्या पेटीत क्वीअरपास सेंट पाउली या समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी चाहत्यांच्या मंडळाचा मफलर होता. कवटी तीच, पण इंद्रधनुषी रंगांत.

इथे जर्मन फुटबॉलची एक व्यवस्था सांगायला हवी, कारण तिच्यावाचून पुढचे काही समजत नाही. १९९८ पासून तिथे ‘पन्नास अधिक एक’ असा नियम आहे: व्यावसायिक संघाच्या कंपनीत मतांचे बहुमत मूळ क्लबच्या, म्हणजे सभासदांच्या, हाती राहिले पाहिजे. त्यामुळे वार्षिक सभेत हात वर करणारा साधा सभासदही धोरण बदलू शकतो. सेंट पाउलीच्या मैदानाला पूर्वी विल्हेल्म कोख या माजी अध्यक्षांचे नाव होते. ते नाझी पक्षाचे सदस्य होते हे उघड झाल्यावर १९९८ मध्ये नाव बदलले गेले, आणि मैदानाचे नाव कोणत्याही कंपनीला विकायचे नाही असे सभासदांनी २००७ मध्ये ठरवून टाकले. आपल्याकडे तालमीच्या सभेत जे वाद होतात तेच हे, फक्त त्यांचे इतिवृत्त नीट लिहिले जाते.

संध्याकाळी मैदानासमोरच्या बुडापेश्टर रस्त्यावरच्या जॉली रॉजर या चाहत्यांच्या पबमध्ये गेलो. धूर, गर्दी आणि भिंतीचा इंचन्‌इंच व्यापणारी स्टिकरे. तिथे भाच्याने एका साठीच्या बाईंची गाठ घालून दिली. त्या पारलिंगी स्त्री आहेत, इस्पितळात रात्रपाळीची परिचारिका म्हणून काम करतात, आणि लहानपणी वडिलांचे बोट धरून मैदानात येत असत. मधली पंधरा वर्षे त्या आल्याच नाहीत. कारण विचारले तर मी अपेक्षा केली होती तसे शिवीगाळीचे नाव त्यांनी घेतले नाही. त्यांनी सांगितले ते प्रवेशद्वाराचे. जर्मनीत मैदानात शिरताना अंगझडती होते आणि तिच्यासाठी पुरुषांची एक रांग व बायकांची एक रांग असते. त्या ज्या काळात बदलत होत्या, त्या काळात कोणत्याही रांगेत उभ्या राहिल्या तरी झडती घेणारा थबकायचा, मागची रांग खोळंबायची, मागून कोणीतरी काहीतरी बोलायचा, आणि सामना सुरू होण्याआधीच त्या दिवसाची चव जायची. कोणत्या रांगेत उभे राहायचे हे ज्याचे त्याने ठरवावे आणि काही स्वच्छतागृहे सगळ्यांसाठी असावीत, एवढ्या दोन गोष्टींसाठी चाहत्यांची मंडळे ठिकठिकाणी क्लबांशी बोलत राहिली, आणि काही मैदानांवर तसे झालेही. झेंडे मला आवडतात, पण मला आत आणले ते रांगेने, असे त्या म्हणाल्या.

भारतात काय परिस्थिती आहे, असे त्यांनी विचारले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये कलम ३७७ मधून परस्परसंमतीचे समलिंगी संबंध वगळले हे त्यांना ठाऊक होते. मणिपूरमध्ये याऑल या संस्थेने २०२० मध्ये पारलिंगी खेळाडूंचा फुटबॉल संघ उभा केला, हे मात्र त्यांना नवीन होते. त्यांनी लगेच फोनवर शोधून शेजारच्या टेबलाला फोटो दाखवले आणि पुढचा अर्धा तास इंफाळ कुठे आहे हे मी रुमालावर नकाशा काढून सांगत होते.

शनिवार: रेपरबान दिवसा

रेपरबान दिवसा पाहावा. रात्री तो पर्यटकांचा असतो. सकाळी तिथे रस्ता धुणारी गाडी, दूध आणायला निघालेल्या म्हाताऱ्या बाया आणि झोपेतून न उठलेले पब दिसतात. त्याला लागून असलेल्या श्पीलबुडेनप्लात्स या चौकात श्मिट थिएटर आहे. ते ८ ऑगस्ट १९८८ रोजी सुरू झाले, आणि ते सुरू करणाऱ्यांत कॉर्नी लिटमान हे नाव आहे. सेंट पाउलीच्या गोष्टीत हा माणूस मला सर्वांत रोचक वाटतो.

१९८० साली हॅम्बुर्गच्या सार्वजनिक स्वच्छतागृहांत पोलिसांनी एकेरी काचेचे आरसे बसवले होते. आरशामागून पुरुषांवर नजर ठेवली जाई आणि समलिंगी असल्याच्या संशयावरून नावांची नोंद होई. पुरुषांमधील समलिंगी संबंधांवरचे १७५ वे कलम १९६९ मध्ये सैल झाले असले तरी पूर्णपणे रद्द व्हायला १९९४ उजाडले, म्हणजे ही गोष्ट त्या मधल्या काळातली. स्वतः समलिंगी असलेले लिटमान तेव्हा तरुण नट आणि कार्यकर्ते होते. त्यांनी युंगफर्नश्टीग इथल्या स्वच्छतागृहातला आरसा वृत्तपत्रांच्या साक्षीने हातोडीने फोडला. मागची पोलिसांची खोली उघडी पडली, गदारोळ झाला आणि आरसे काढावे लागले.

हाच माणूस २००२ च्या अखेरीस सेंट पाउलीचा अध्यक्ष झाला. क्लब तेव्हा तिसऱ्या श्रेणीत घसरत होता आणि दिवाळखोरीच्या काठावर होता. २००३ मध्ये ‘वाचवणारा’ असे छापलेले टी-शर्ट विकून पैसे उभे केले गेले, मोहल्ल्यातल्या पबांनी बिअरच्या दरात वाढ करून ती रक्कम क्लबला दिली, आणि म्युनिकचा बायर्न क्लब मानधन न घेता मैत्रीपूर्ण सामना खेळायला आला. लिटमान २०१० पर्यंत अध्यक्ष राहिले. क्लबला शंभर वर्षे झाली त्याच वर्षी संघ पहिल्या श्रेणीत परतला होता.

आता यातली मला आवडलेली बाब अशी की चाहत्यांचे लिटमान यांच्याशी कडाक्याचे खटके उडाले. श्रीमंतांसाठी महागड्या जागा, जाहिराती, क्लबचा बाजार करण्याचा आरोप, सभेत आरडाओरड, सगळे झाले. समलिंगी माणूस अध्यक्ष झाला म्हणून त्याला डोक्यावर घेतले गेले नाही आणि तो समलिंगी आहे म्हणून भांडलेही गेले नाही. भांडण तिकिटांच्या दरांवरून होते. एखाद्या माणसाला आपल्यात घेतले आहे की नाही, हे ओळखायला मला हे भांडण फार उपयोगी वाटते. दुपारी जेवताना मी हे बोलून दाखवले, तर भाच्याचा जोडीदार म्हणाला की सेंट पाउलीवाल्यांना आपणच हे सगळे शोधून काढले असे वाटते, पण एचएसव्हीचेही फोल्क्सपार्कयुंक्स नावाचे समलिंगी चाहत्यांचे मंडळ आहे आणि तो त्यांच्याबरोबर मैदानात जातो. भाच्याने यावर तोंडात फ्रान्सब्रोट्शन कोंबले. हे दालचिनी आणि लोण्याचे चपटे, चिकट गोड पाव हॅम्बुर्गबाहेर फारसे मिळत नाहीत. कोणत्याही बेकरीत घ्यावेत, सकाळचे घ्यावेत.

दुपारी हवा किंचित उघडली, म्हणून लांडुंग्सब्र्युकेन धक्क्यावरून ६२ क्रमांकाची फेरी बोट धरली. शहराच्या रोजच्या तिकिटात ही बोट येते, तेव्हा पर्यटकांच्या महागड्या सफरीसाठी थांबवणाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणावे. वरच्या मजल्यावर वाऱ्याने गाल बधिर झाले, पण कंटेनरच्या जहाजांना इतक्या जवळून पाहण्याची ती किंमत होती.

रविवार: सामना

रविवारी पहाटे हॅम्बुर्गचा मासळीबाजार भरतो. उन्हाळ्यात तो पाचला आणि हिवाळ्यात सातला सुरू होतो आणि साडेनऊला आटोपतो. ओरडून ओरडून केळ्यांचे घड विकणारे फळवाले, रात्रभर जागलेली तरुण मंडळी आणि बिस्मार्क हेरिंग घातलेले पाव. मासा व्हिनेगरमध्ये मुरवलेला आणि थंड असतो. आपल्या जिभेला पहिला घास अवघड जातो, दुसरा जात नाही. शाकाहारी मंडळींनी शान्त्से भागात फलाफल गाठावे. तिथे पर्याय भरपूर आहेत.

सामना दुपारी साडेतीनचा होता. तिकिटाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे: मैदानाची क्षमता सुमारे २९,५०० आहे, त्यातल्या निम्म्याहून अधिक जागा उभ्याच्या आहेत, आणि बहुतेक तिकिटे सभासदांमध्येच संपतात. ओळखीचा सभासद नसेल तर क्लबच्या अधिकृत पुनर्विक्रीवर लक्ष ठेवावे, रस्त्यावर घेऊ नये. मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत. उभ्या स्टँडला किमान एक तास आधी जावे.

आम्ही गेगेनगेराडे म्हणजे मुख्य इमारतीसमोरच्या लांबलचक स्टँडमध्ये उभे होतो. माझ्या उजवीकडे एक आई आणि कानांवर आवाज रोखणारे मोठे गोल हेडफोन घातलेली सहा-सात वर्षांची मुलगी, डावीकडे भाचा, पुढे क्वीअरपासचे दहा-बाराजण, मागे तिकीट मिळाले म्हणून आलेले तीन तरुण. संघ मैदानात येताना घंटानाद सुरू होतो आणि सगळा स्टँड एकदम उंचावल्यासारखा होतो. त्यानंतर पाच-सहा मिनिटे मी खेळ पाहिलाच नाही, फक्त झेंडे पाहिले. तपकिरी-पांढरे, कवटीचे, इंद्रधनुषी, फिका निळा-गुलाबी-पांढरा असा पारलिंगींचा, आणि त्यांच्यामधून कधीतरी दिसणारा चेंडू.

पहिल्या अर्ध्यात समोरच्या संघाचा एक खेळाडू किरकोळ धक्क्याने आडवा झाला आणि लोळू लागला. मागच्या तीन तरुणांपैकी एकाने तोंडाभोवती हात धरून समलिंगींना हिणवणारा शब्द फेकला. जर्मनीतल्या मैदानांवर तो पिढ्यान्‌पिढ्या फेकला गेला आहे. पुढे जे झाले त्याला अर्धे मिनिटही लागले नसेल. शेजारच्या आईने, मुलीचा हात न सोडता, मान वळवली आणि शांतपणे दोन वाक्ये सांगितली: इथे हे चालत नाही, त्याला नाटक्या म्हण, आम्हीही म्हणू. तरुण गोरामोरा झाला, त्याच्या मित्रांनीच त्याच्या डोक्यात टपली मारली, आणि लगेच आलेल्या कॉर्नरवर सगळे एकत्र ओरडले. क्वीअरपासच्या मंडळींपैकी कोणी मागे वळूनही पाहिले नाही. त्यांना वळावे लागले नाही. भाचा माझ्याकडे पाहून म्हणाला, "बघितलंस? मला काही करावं लागत नाही." त्याने एवढ्या लांबून मला का बोलावले होते, ते मला तेव्हा कळले.

मध्यंतरात पाऊस सुरू झाला आणि छपराच्या कडेवरून नेमका आमच्या रांगेच्या पुढ्यात पडू लागला. शाकाहारी सॉसेज आणि आल्याचा गरम चहा घेतला. पेल्यासाठी अनामत रक्कम घेतात. रिकामा पेला परत दिला की ती मिळते, पण इथले बरेच लोक पेला विव्हा कॉन अग्वाच्या पिंपात टाकून देतात. ही पिण्याच्या पाण्यासाठी काम करणारी संस्था सेंट पाउलीचेच माजी खेळाडू बेंजामिन आड्रियोन यांनी सुरू केली. दुसऱ्या अर्ध्यात दिवे लागले, शेजारच्या जत्रेतला आकाशपाळणा स्टँडच्या माथ्यावरून फिरताना दिसू लागला, आणि सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. दोन्ही गोल समोरच्या टोकाला झाले, त्यामुळे कसे झाले हे मला सांगता येणार नाही.

सामन्यानंतर क्वीअरपासची मंडळी आणि शुक्रवारच्या परिचारिका बाई यांच्याबरोबर बसलो असता मी मनातला प्रश्न विचारला: प्रेक्षक इतके पुढे आले आहेत, तर खेळाडू कुठे आहेत? यावर टेबल जरा शांत झाले. जर्मनीच्या राष्ट्रीय संघातून ५२ सामने खेळलेल्या थॉमस हिट्झल्सपेर्गर यांनी जानेवारी २०१४ मध्ये आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले, पण तोवर ते निवृत्त झाले होते. इंग्लंडमध्ये जस्टिन फॅशनू यांनी १९९० मध्ये खेळत असताना सांगितले, त्याची जबर किंमत मोजली आणि १९९८ मध्ये जीव दिला. अलीकडे ऑस्ट्रेलियात जोश कव्हालो, ब्लॅकपूलचे जेक डॅनियल्स आणि चेक प्रजासत्ताकाचे याकुब यांक्टो बोलले. जर्मनीतले माजी खेळाडू मार्कुस उर्बान यांनी १७ मे २०२४ या दिवशी अनेक खेळाडूंनी एकत्र बोलावे अशी मोहीम उघडली होती. तो दिवस आला तेव्हा पुढे आलेल्यांत पुरुषांच्या व्यावसायिक फुटबॉलमधला खेळत असलेला एकही नव्हता. बायकांच्या फुटबॉलमध्ये हा प्रश्न कधीचाच मागे पडला आहे: जर्मनीच्या गोलरक्षक नादीन आंगेरर यांनी २०१० मध्ये आपण उभयलिंगी असल्याचे सांगितले आणि २०१३ मध्ये त्या जगातील सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू ठरल्या. परिचारिका बाईंचे म्हणणे असे पडले की स्टँड तयार आहे याची खेळाडूला खात्री नाही, कारण तो एकाच मैदानावर खेळत नाही; वर्षातले निम्मे सामने त्याला परक्या मैदानांवर खेळावे लागतात, शिवाय एजंट, पुरस्कर्ते आणि ड्रेसिंग रूम ही स्टँडला न दिसणारी ठिकाणे आहेत. मला हे पटले. चाहत्यांचे काम संपलेले नाही हे खरे, पण आता अडलेले दार त्यांच्या बाजूचे नाही, असे माझे मत झाले.

सोमवार: बर्लिन

सकाळच्या रेल्वेने बर्लिन. सोमवारी सामना नव्हता. मला पाहायचे होते ते ऑलिंपिक स्टेडियम आणि भेटायचे होते ते हेर्था-युंक्स या मंडळाच्या एका सभासदाला. हेर्था बीएससी हा बर्लिनचा क्लब काही सेंट पाउलीसारखा बंडखोर म्हणून ओळखला जात नाही, तरीही जर्मनीतले समलिंगी चाहत्यांचे पहिले मंडळ इथेच २००१ मध्ये स्थापन झाले. आज देशभर अशी मंडळे आहेत आणि क्वीअर फुटबॉल फॅनक्लब्ज या नावाने त्यांचे जाळे आहे.

१९३६ च्या ऑलिंपिकसाठी नाझी राजवटीने बांधलेले हे दगडी स्टेडियम ७४ हजारांवर प्रेक्षक घेते. रिकामे असताना ते अंगावर येते. बरोबर आलेले गृहस्थ पन्नाशीचे, पोस्टात नोकरीला. सुरुवातीला मंडळाचा फलक स्टँडच्या कठड्यावर बांधायचा की नाही यावरच मंडळात वाद व्हायचा, असे त्यांनी सांगितले. बाहेरगावच्या सामन्यांना गाडीत बसताना फलक पिशवीच्या तळाशी असे. पुढे हेर्थाच्या जुन्या, दणकट, शिवराळ चाहत्यांपैकीच काहींनी तो आपल्या फलकाशेजारी बांधायला जागा करून दिली, तेव्हा निम्मे काम झाले. जून २०२१ मध्ये जर्मनी विरुद्ध हंगेरी सामन्याच्या वेळी म्युनिकचे मैदान इंद्रधनुषी रंगांत उजळू द्यायला युरोपीय फुटबॉल महासंघाने नकार दिला, तेव्हा त्या रात्री बर्लिनचे हे स्टेडियम आणि इतर शहरांतली काही मैदाने त्या रंगांत उजळली होती. त्याची आठवण काढल्यावर ते जरा तोंड वाकडे करून म्हणाले की दिवे लावणे छान, पण २०२२ मध्ये कतारच्या विश्वचषकात कर्णधारांना फक्त भेदभावाविरुद्धची रंगीत पट्टी दंडावर बांधायची होती, तर पिवळ्या कार्डाच्या धमकीने सात देशांच्या फुटबॉल संघटनांनी ती उतरवून ठेवली. त्या पट्टीची त्यांना दिव्यांपेक्षा जास्त चीड होती.

दुपारी टियरगार्टनमध्ये, नाझी काळात छळल्या गेलेल्या समलिंगींचे २००८ मध्ये उभारलेले स्मारक पाहिले. काँक्रीटचा एक किंचित तिरका ठोकळा आणि त्यात एक लहान खिडकी, आत चुंबन घेणाऱ्या जोडप्याची चित्रफीत सतत चालू. ब्रांडेनबुर्ग दरवाजापासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे आणि त्याला तिकीट नाही. संध्याकाळी नोलेनडोर्फप्लात्स स्टेशनाचा घुमट रंगीत दिव्यांत पाहून करीवुर्स्ट खाल्ले. त्यात करी नावापुरती असते.

जाणाऱ्यांसाठी शेवटच्या काही गोष्टी. जर्मन लीगचा सामना कोणत्या आठवड्यात होणार हे बरेच आधी ठरते, पण नेमका वार आणि वेळ सामन्याच्या केवळ काही आठवडे आधी जाहीर होते, म्हणून परतीचे तिकीट सोमवारचे किंवा नंतरचे काढावे. सेंट पाउलीत इंग्रजी सर्रास चालते. आपण स्वतः या समुदायातले असाल किंवा बरोबर तसे कोणी असेल आणि एकट्याने उभ्या स्टँडमध्ये शिरायला बिचकत असाल, तर जाण्याआधी त्या त्या क्लबच्या क्वीअर चाहता-मंडळाला दोन ओळी लिहाव्यात. कोणत्या दाराने यायचे, कुठे उभे राहायचे आणि कोणत्या पबमध्ये भेटायचे हे ते कळवतात. आपला आवडता क्लब कोणता हे मात्र पत्रातच लिहावे, कारण तो चुकीचा निघाला तर त्यावरून मात्र तिथे अजिबात दयामाया दाखवली जात नाही.